हिंव

आमच्या आईच्या तोंडी एक शब्द नेहमी असे. ताप चढण्याआधी अंगात जी हुडहुडी भरते, तिला ती ‘हिंव’ म्हणायची. ‘पोराला हिंव भरलंय, अजून एक गोधडी टाका,’ एवढे ती म्हणाली की दुसऱ्या दिवशी शाळा नाही हे नक्की होत असे. हा शब्द संस्कृतातल्या ‘हिम’वरून आला आणि हिवाळा व हिंवताप ही त्याचीच भावंडे, हे पुष्कळ वर्षांनी कळले. जिथे बर्फ कधी पडतच नाही अशा मुलखात येता येता या शब्दातला बर्फ वितळून गेला असावा आणि थरथर तेवढी मागे राहिली असावी. भाषेची एक गंमत म्हणून ही गोष्ट मी अनेकांना ऐकवली आहे. गेल्या जानेवारीत, उत्तराखंडातल्या केदारकंठा या शिखराच्या धारेवर पहाटे सहाच्या सुमारास, त्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम समोर उभे राहिले, आणि त्यात गंमत वाटावी असे काही नव्हते.

मी नाशिकचा. वयाच्या सोळाव्या वर्षापासून सह्याद्रीत भटकतो आहे. कळसूबाई किती वेळा झाली हे मोजणे सोडून दिले त्यालाही आता बरीच वर्षे झाली. वारा म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, अशी माझी पक्की समजूत होती. पावसाळ्यात नाणेघाटात वारा धबधब्याचे पाणी उलटे वर फेकतो ते मी पाहिले आहे, आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून टाकलेली टोपी वाऱ्याने परत हातात आणून दिलेलीही. आमच्याकडे पावसाळी वारा म्हणजे उत्सव असतो. चिंब भिजायचे, भणाणत्या वाऱ्यात उभे राहायचे, गुहेत किंवा देवळात शिरून चहा करायचा आणि ओले कपडे अंगावरच वाळू द्यायचे. ओले होणे हा आमच्या भटकंतीतला निम्मा आनंद आहे. माझ्या हातून झालेल्या चुकीचे मूळही याच आनंदात होते.

बरोबर माझा भाचा होता. वय एकवीस, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, तोंडाची टकळी अखंड चालू. त्याने बर्फ कधी पाहिलेला नव्हता. ताईने त्याला माझ्या भरवशावर सोडले होते, आणि मामा म्हणून मीही सामानाच्या यादीपासून बूट बांधण्यापर्यंत सगळ्या बाबतींत शहाणपण शिकवत होतो. ट्रेक नेणाऱ्या मंडळींनी पाठवलेल्या यादीत अंगालगत सुती कपडा घालू नये असे स्पष्ट लिहिले होते. त्याने विचारले तेव्हा मी सांगितले, ‘अरे, आत एक सुती बनियन असू दे. घाम टिपतो.’ तीस वर्षांचा अनुभव या वाक्यामागे होता आणि तो खराही होता. तो सह्याद्रीतला होता, एवढेच मी लक्षात घेतले नव्हते.

डेहराडूनहून सांक्रीला जायला अख्खा दिवस लागतो. मसुरी मागे पडल्यावर नौगाव, पुरोला, मोरी अशी गावे येतात आणि मोरीपासून पुढे टोन्स नदी सोबत करते. नैटवाडला रूपिन आणि सुपिन या दोन नद्या भेटतात, तिथून तिचे नाव टोन्स. सांक्री साधारण 1,950 मीटर उंचीवर आहे. म्हणजे जिथून चढायला सुरुवात करायची ते गावच आमच्या 1,646 मीटरच्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरने उंच. हा हिशेब मी गाडीत मोठ्याने केला तेव्हा भाचा म्हणाला, ‘मामा, मग आपण महाराष्ट्र केव्हाच सर केला म्हणायचा!’

पहिल्या दिवशी देवदार आणि पाइनच्या रानातून जूडा का तालाबपर्यंत चढलो. तळे गोठलेले होते आणि काठावरच्या झाडांवरून मधूनच बर्फाची भुकटी खाली सांडत होती. दिवस शांत होता. बर्फाची भीती वाटावी असे त्यात काहीच नव्हते, आणि उन्हात तर जॅकेट काढून चालावे लागले. हिमालयात हिवाळी ट्रेकला पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास फसतो तो इथेच. वारा नसेल आणि ऊन असेल तर उणे तापमानही अंगाला सोसते, आणि मग आपण थंडीला सरावलो असे वाटू लागते. आमचा गाईड जवळच्याच एका गावातला, पंचविशीतला, फार कमी बोलणारा मुलगा होता. त्या संध्याकाळी सगळे जण लालभडक झालेल्या आकाशाचे फोटो काढत असताना तो पश्चिमेकडच्या बारीक पिसांसारख्या ढगांकडे बघत उभा होता. ‘परसों हवा चलेगी,’ एवढेच तो म्हणाला आणि किचन टेंटकडे निघून गेला.

ती हवा कुठून येते हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी झंझावात उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडत हिमालयावर येऊन आदळतात. पावसाळा संपल्यावर त्या डोंगरांना मिळणारा बहुतेक सगळा बर्फ त्यांचाच. ते पुढे सरकले की मागून उत्तरेची गार हवा खाली उतरते, निफाडचा पारा घसरल्याचे मथळे येतात आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. झंझावाताचा पट्टा जास्तच दक्षिणेला आला आणि त्याची समुद्राकडून येणाऱ्या दमट वाऱ्यांशी गाठ पडली, तर आमच्याकडे गारपीट होते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इकडचे शेतकरी अजून विसरलेले नाहीत. तेव्हा केदारकंठाच्या वाटेवर जो वारा भेटणार होता, तो आमच्या ओळखीचाच होता असे म्हणता येईल. मात्र आजवर तो आमच्या दारी आला होता आणि आता आम्ही त्याच्या दारी चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सुमारे 3,400 मीटरवरच्या बेस कॅम्पला पोहोचेपर्यंत बर्फ पडू लागला. ओक आणि बुरांशची झाडे संपत आली होती आणि शेवटच्या झाडांच्या फांद्या एकाच बाजूला झुकलेल्या होत्या. वाऱ्याचा नेहमीचा रोख त्या झाडांवरूनच वाचता येत होता. रात्री तंबूचे कापड एसटीच्या सैल काचेसारखे फडफडत राहिले. गाईड प्रत्येक तंबूत डोकावून दोनच सूचना देऊन गेला. बूट स्लीपिंग बॅगेत पायांशी घ्यायचे, नाहीतर सकाळी ते लाकडासारखे कडक होतात. आणि पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण बर्फ वरच्या बाजूला आधी धरतो आणि बाटली उलटी असली तर निदान तोंड मोकळे राहते. मोबाइल मात्र आम्ही उघड्यावरच ठेवले. संध्याकाळी साठ टक्के असलेली माझी बॅटरी पहाटे मेलेली होती.

पहाटे तीनला निघालो. बर्फ थांबला होता आणि डोईवर चांदण्या इतक्या होत्या की भाचासुद्धा दोन मिनिटे गप्प राहिला. बुटांना मायक्रोस्पाईकचे दाते आणि पिंढऱ्यांना बर्फ आत शिरू नये म्हणून गेटर बांधून, हेडटॉर्चच्या उजेडात एकामागून एक अशी आमची रांग निघाली. बर्फ पायाखाली करकरत होता. कडाक्याची थंडी असली की बर्फाचे कण दाबाने विरघळत नाहीत, मोडतात, आणि तो आवाज येतो. चढ खडा होता. समुद्रसपाटीच्या मानाने तिथे हवेचा दाब दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, त्यामुळे दहा पावले टाकली की थांबावे लागे. धाप लागत होती, घाम येत होता आणि घाम आल्याचे बरे वाटत होते. मधल्या एका थांब्यावर भाच्याने जॅकेटची चेन उघडून हवा घेतली. मी पाहिले आणि काही बोललो नाही. सह्याद्रीत मीही तेच केले असते.

धारेवर आलो आणि वारा लागला.

सोसाट्याचा, भन्नाट, बोचरा हे आपल्याकडचे सगळे शब्द त्याला लावून पाहिले तरी थोडे कमीच पडतात, कारण त्या वाऱ्याला अंग होते. रात्री पडलेला भुसभुशीत बर्फ तो जमिनीवरून उचलत होता आणि गुडघ्याच्या उंचीवरून आडवा वाहून नेत होता. टॉर्चच्या झोतात पाहिले तर आपण पांढऱ्या नदीतून चाललो आहोत आणि नदीला तळ नाही असे वाटे. ते कण गालांना वाळूसारखे लागत होते. आधीच्या वाऱ्याने घट्ट झालेल्या बर्फावर लाटांसारखे कोरीव कंगोरे उमटलेले होते, आणि उजव्या हाताला धारेच्या कडेवर बर्फाचा छज्जा पुढे आलेला होता. तो वरून जमिनीसारखाच दिसतो पण खाली नुसती पोकळी असते. गाईड काठी खुपसत, डावीकडून आम्हाला नेत होता. त्याच्या सॅकला लटकवलेल्या छोट्या तापमापकात पारा उणे 10 वर होता.

उणे 10 हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघा अमेरिकनांनी अंटार्क्टिकात 1940 च्या सुमारास एक अगदी साधा प्रयोग केला होता. प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते उघड्यावर टांगायचे आणि वेगवेगळ्या वाऱ्यात ते गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचे. वाऱ्यामुळे थंडी किती वाढते याचे पुढचे सगळे कोष्टक त्या नळकांड्यातून निघाले, आणि 2001 मध्ये अमेरिका व कॅनडा यांनी ते माणसाच्या चेहऱ्याला धरून नव्याने बसवले. त्या नव्या कोष्टकाप्रमाणे उणे 10 अंशांत ताशी 40 किलोमीटरचा वारा असला, तर उघड्या कातडीला तो उणे 21 सारखा लागतो. आपले शरीर स्वतःभोवती कोमट हवेचा एक पातळ थर बाळगून असते आणि वारा तो थर सतत ओरबाडून नेतो, एवढेच त्यामागचे कारण आहे. कातडी ओली असेल तर प्रश्नच मिटला. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि घामाने भिजलेले सुती बनियन म्हणजे पाण्याचा एक गार लेप असतो, जो आपणच जॅकेटाखाली जपून नेत असतो. हे सगळे मी नंतर नीट समजून घेतले. त्या वेळी मला एवढेच कळले की मागून येणारी बडबड बंद झाली आहे.

सुरुवातीला वाटले, वाऱ्यात ऐकू येत नसेल. मग वळून पाहिले. तो चालत होता, पण पाऊल उचलण्याऐवजी फरपटत होता. ‘काय रे, बरा आहेस ना?’ असे ओरडून विचारले, तर ‘हो मामा’ या दोन शब्दांतला ‘मामा’ त्याच्या तोंडातून नीट बाहेर आला नाही. जीभ जड झाल्यासारखा काहीतरी ‘बाबा’सारखा आवाज आला. दात वाजत होते. दात वाजतायत म्हणजे थंडी वाजते आहे, थंडी तर मलाही वाजते आहे, चालत राहिला की ऊब येईल, असा विचार मी केला. पूर्वेला उजाडू लागले होते, शिखर उंचीने जेमतेम दीडशे मीटर वर राहिले होते आणि ते दिसत होते. दिसणारे शिखर माणसाची अक्कल कशी गहाण टाकून घेते, याचा तो माझा पहिलाच अनुभव नव्हता.

गाईड रांगेतून उलटा चालत मागे आला. त्याने भाच्याला वाऱ्याकडे पाठ करून उभे केले, त्याच्या उजव्या हाताचा जाड मोजा काढला आणि स्वतःचा अंगठा करंगळीला लावून दाखवत म्हणाला, ‘भाई, ऐसे करो.’

भाच्याने हाताकडे पाहिले. अंगठा हलला, अर्ध्यापर्यंत आला आणि थांबला. करंगळी जागची हललीच नाही. त्याने दुसऱ्या हाताने करंगळी ढकलायचा प्रयत्न केला, मग आमच्याकडे पाहून हसला. ते हसू मला अजून आठवते, कारण त्यात काही बिघडले आहे याची जाणीवच नव्हती. गाईडने मोजा परत चढवला, त्याच्या जॅकेटच्या गळ्यातून हात आत घातला, काढून स्वतःची बोटे पाहिली आणि माझ्याकडे वळला. ‘सर जी, अंदर सूती पहना है इसने. पूरा गीला है.’ पुढे तो काहीच म्हणाला नाही. कोणी घालायला सांगितले, असेही त्याने विचारले नाही.

शरीराचे तापमान 37 अंशांवरून 35 च्या खाली उतरले की शीतबाधा सुरू झाली असे डॉक्टर मानतात. आधी जोराची थरथर होते, बोटे ऐकेनाशी होतात, शब्द चिकटतात, पाय अडखळतात. थरथर ही शरीराने स्वतःसाठी पेटवलेली शेकोटी असते. ती आणखी काही अंशांनंतर विझते, आणि मग माणसाला थंडी वाजेनाशी होते. काही जणांना तर उकडू लागते आणि ते कपडे काढू पाहतात. आईचे ‘हिंव भरलंय’ म्हणजे या शेकोटीचीच बातमी होती. ते भरले आहे तोवर वेळ हातात असते.

आम्ही परतलो. सोबतचे बाकीचे सहा जण दुसऱ्या गाईडबरोबर थोडे पुढे गेले, पण वारा वाढत गेला आणि अर्ध्या तासात तेही मागे फिरले. हे सांगताना मला आनंद व्हायला नको, पण त्या दिवशी तो झाला होता, हे कबूल करायला हवे.

धारेच्या आडोशाला, खडकाच्या कपारीत गाईडने भाच्याला सॅकवर बसवले, म्हणजे बर्फाचा गारवा खालून लागू नये. मग जे झाले ते इतक्या झटपट झाले की मला मदतीलाही फारसा वाव मिळाला नाही. दोघांनी पाँचो धरून आडोसा केला. जॅकेट, थर्मल आणि बनियन एकदम उतरवले. गाईडने आपल्या सॅकमधला कोरडा लोकरीचा स्वेटर त्याला घातला आणि माझे पिसांचे जॅकेट वरून चढवले. मी त्याचे हात चोळायला लागलो तर गाईडने माझे मनगट धरले. चोळायचे नाही, हात नुसते काखेत धरायचे. थर्मासमधला गोड चहा त्याने घोट घोट पाजला. एवढे होईपर्यंत मी शिखराकडे एकदाही पाहिले नव्हते. पाहिले तेव्हा वर ऊन आले होते आणि माथ्यावरून बर्फाचा धुरळा पताकेसारखा उडत होता. पलीकडे स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ उजळले होते. त्यांच्या माथ्यांवरही तशाच पताका होत्या. ते दृश्य फार सुंदर होते, आणि ते पाहताना मला मळमळत होते.

केदारकंठाची एक गोष्ट त्या भागात सांगतात. केदारनाथाचे देऊळ म्हणे आधी इथेच व्हायचे होते. महादेव इथे ध्यानाला बसले, पण रानात चरणाऱ्या गुरांच्या घंटांनी त्यांचे ध्यान मोडले, आणि ते उठून केदारनाथला निघून गेले. माथ्यावर आता दगडांचा एक लहानसा पार आणि त्रिशूळ आहे म्हणतात. ‘म्हणतात’ असेच मला लिहावे लागेल, कारण मी तो पाहिलेला नाही. खाली उतरताना गाईडने ही गोष्ट भाच्याला सांगितली. त्याला बोलते ठेवण्यासाठी तो सांगत होता हे मला उशिरा कळले. तो मधूनच प्रश्न विचारी: घंटा कोणाच्या होत्या? महादेव कुठे गेले? पहिल्यांदा उत्तर आले नाही, दुसऱ्यांदा तुटक आले, आणि झाडी लागल्यावर भाच्यानेच विचारले, ‘लेकिन भैया, भगवान को इयरप्लग नहीं मिले क्या?’ गाईड त्या तीन दिवसांत प्रथमच मोठ्याने हसला. माझ्या पायांतले बळ त्या क्षणी गेले आणि मी बर्फातच बसलो.

याच उत्तरकाशी जिल्ह्यात, सहस्रतालच्या वाटेवर, 2024 च्या जूनमध्ये कर्नाटकातून आलेल्या नऊ ट्रेकर्सचा वादळी वाऱ्यात आणि हिमवर्षावात जीव गेला. जूनमध्ये, जेव्हा आपण घाटमाथ्यावर पहिल्या पावसात भिजायला निघतो. ती बातमी मी घरी बसून वाचली होती, हळहळलो होतो आणि दोन-चार जणांशी बोलताना ‘अंदाज चुकला असणार’ असेही म्हणालो होतो. आता ते वाक्य मला परत घ्यावेसे वाटते, पण ज्यांच्यासमोर उच्चारले त्यांना ते आठवतही नसेल.

कॅम्पवर पोहोचलो तेव्हा बनियन माझ्या सॅकच्या पट्ट्यात खोचलेले होते. बाहेर काढले तर ते प्लायवूडच्या तुकड्यासारखे झाले होते. छातीचा घडीव फुगवटा आणि खांद्यांचे दोन पट्टे जसेच्या तसे, आत माणूस नसताना माणसाच्या आकाराचे. मी ते तंबूच्या खुंटाला टेकवून ठेवले आणि ते तसेच उभे राहिले. किचन टेंटमधला पोऱ्या ते पाहायला बाहेर आला आणि बोटाने टकटक करून गेला. भाचा दोन स्लीपिंग बॅगांत गुंडाळून खिचडी खात होता आणि तिच्यात तूप कमी आहे अशी तक्रार करत होता.

संध्याकाळी मी गाईडला गाठून सांगितले की बनियन माझ्या सांगण्यावरून घातले होते. त्याने मान डोलावली. ‘आपके यहाँ बारिश में ठीक रहता होगा,’ तो म्हणाला आणि स्टोव्हला पंप मारू लागला.

सांक्रीला उतरल्यावर ते बनियन दोरीवर टाकले आणि ऊन लागताच त्यातून पाणी ठिबकू लागले. मोबाइलला रेंज आली आणि पहिला फोन ताईचा. भाच्याने तो स्पीकरवर टाकला आणि आकाश, चांदण्या, बर्फ, खिचडी असे सगळे एका दमात ऐकवले. शिखर झाले का, हे ताईने विचारले नाही. तिने आईच्याच आवाजात विचारले, ‘थंडी फार असेल रे तिकडे. हिंव-बिंव नाही ना भरलं?’

भाच्याने माझ्याकडे पाहिले. दोरीवरून पाणी ठिबकत होते.

‘थोडंसं,’ तो म्हणाला. ‘मामा होता ना बरोबर.’